मोजे, लोकर, टोप्या, मटण : हेन्ली स्ट्रीटवरच्या एका कारागीर घराण्याचा माग

1806 साली इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या बाजारगावात थॉमस हार्ट नावाच्या एका खाटकानं हेन्ली स्ट्रीटवरचं घर विकलं. थॉमस कोर्ट नावाच्या माणसानं ते 210 पौंडांना घेतलं. गावात असे व्यवहार रोज होतात. हा लक्षात राहिला, कारण ते घर दोनशेहून जास्त वर्षं एकाच रक्ताच्या माणसांकडे होतं आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येकानं हाताचं काम करून पोट भरलं होतं. अपवाद एकाच मुलाचा. तो, विल्यम शेक्सपिअर, लंडनला गेला आणि नाटकं लिहायला लागला.

त्या मुलाबद्दल खूप लिहून झालं आहे. इथे त्याला बाजूला बसवतो. त्याच्यामुळे झालेला फायदा मात्र घेतो. त्याच्यावरच्या प्रेमापोटी गेली तीनशे वर्षं लोकांनी त्या गावातला एकही कागद उलटायचा बाकी ठेवला नाही. त्यामुळे सोळाव्या शतकातल्या एका मध्यम वकुबाच्या कारागिराचं घर आज जितकं उजेडात आहे, तितकं त्या काळातलं दुसरं क्वचितच असेल. जुन्या स्थानिक दप्तरातून घराणं कसं शोधावं आणि कुठे फसायला होतं, हे शिकायला यासारखं प्रकरण नाही.

शोध नेहमी अलीकडून पलीकडे करायचा असतो. म्हणून सुरुवात खाटकापासून.

हार्ट मंडळी

अठराव्या आणि सतराव्या शतकांतले हार्ट शोधणं तुलनेनं सोपं आहे. चर्चची नोंदवही तोवर बऱ्यापैकी नियमित झालेली होती आणि घर एकच असल्यामुळे धागा सुटत नाही. यांच्यात एक जॉर्ज हार्ट शिंपी आहे. एकाचा धंदा शिशाच्या पन्हळी आणि खिडकीच्या काचा बसवण्याचा. टय़ूक्सबरीला जाऊन खुर्च्या बनवणारा एक आहे. शेवटचा खाटीक, ज्यानं घराच्या दर्शनी भागात मटणाचं दुकान थाटलं. एका घराण्यात इतके वेगवेगळे धंदे बघून मराठी वाचक थबकतो. आपल्या जुन्या कागदात माणसाच्या नावापुढचा ‘तांबट’, ‘सुतार’, ‘कासार’ हा शब्द बापाकडून पोराकडे येतो आणि बहुतेकदा जात सांगतो. स्ट्रॅटफर्डच्या कागदातला ‘शिंपी’ फक्त इतकंच सांगतो, की हा माणूस सध्या कपडे शिवतो. त्याचा मुलगा काच कापू लागला तरी नोंद लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. हा फरक डोक्यात पक्का केला नाही, तर हे प्रकरण हातात येत नाही.

शिसे-काचेचं काम करणाऱ्या त्या हार्टचं पाळण्यातलं नाव होतं शेक्सपिअर. शेक्सपिअर हार्ट, जन्म 1666. आजीकडून किंवा पणजीकडून आलेलं आडनाव मुलाचं पहिलं नाव म्हणून ठेवण्याची रीत इंग्लंडात होती आणि घराणी शोधणाऱ्याला अशी नावं म्हणजे वाटेवरचा मैलाचा दगड. बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतर कागदातून पुसलं जातं. चार पिढ्यांनी ते नातवाच्या किंवा पणतवाच्या नावात पुन्हा उगवतं.

नावावरून फक्त अंदाज येतो. पुरावा मिळतो तो 1670 च्या एका मृत्युपत्रात. नाटककाराची नात लेडी एलिझाबेथ बर्नार्ड त्या वर्षी निपुत्रिक वारली. तिच्याबरोबर त्याचा थेट वंश संपला. मरण्याआधी तिनं हेन्ली स्ट्रीटवरची घरं ‘माझा नातलग थॉमस हार्ट’ याला दिली आणि त्याला मूलबाळ नसेल तर त्याचा भाऊ जॉर्ज याला. शिवाय हे दोघे स्ट्रॅटफर्डच्या थॉमस हार्टचे मुलगे, असंही तिनं लिहून ठेवलं. घराणी शोधताना बाप-मुलाचं नातं जिथे तोंडानं सांगितलेलं असतं, असे कागद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटतात. जन्माची नोंद एवढंच सांगते, की या नावाच्या माणसाला या नावाचं मूल झालं. तो माणूस नेमका कोण, हे ती सांगत नाही. वाटणीचा किंवा वारशाचा कागद मात्र ते सांगतोच, कारण तिथे चूक झाली तर घर भलत्याच्या ताब्यात जातं.

टोपीवाल्याची बायको

1670 च्या कागदातला थोरला थॉमस हार्ट 1605 मध्ये जन्मला. त्याची आई जोन, नाटककाराची बहीण, आणि बाप विल्यम हार्ट. विल्यमचा धंदा टोप्या बनवण्याचा. या टोपीवाल्याबद्दल दप्तरात फार थोडं आहे. 17 एप्रिल 1616 ला त्याला पुरलं आणि आठच दिवसांनी, 25 तारखेला, त्याच्या मेहुण्याला.

मेहुण्यानं 25 मार्चला सही केलेल्या मृत्युपत्रात जोनला 20 पौंड, आपले कपडे आणि ती राहत होती ते घर हयातीपुरतं, वर्षाला बारा पेनी भाड्यानं दिलं. तिच्या तीन मुलांना प्रत्येकी पाच पौंड. मुलांची नावं लिहिताना विल्यम हार्ट, मग कोरी जागा, मग मायकेल हार्ट. मधल्या भाच्याचं नाव आजारी मामाला किंवा त्याच्या वकिलाला आठवेना. पुढे भरू म्हणून जागा सोडली आणि ती तशीच राहिली. ती जागा चर्चच्या नोंदवहीवरून भरता येते. तो थॉमस. आणि वंश पुढे चालला तो नेमका त्याचाच. विल्यमकडून पुढे वंश चालल्याचं दिसत नाही आणि मायकेल तर 1618 मध्ये, दहाव्या वर्षी गेला.

सगळ्या प्रकरणात मला आवडलेला कागद हाच. एका दप्तराची पोकळी दुसऱ्या दप्तरानं भरून काढायची, एवढीच या कामाची खरी युक्ती आहे. कुठलाही एक कागद, कितीही मोठ्या माणसाचा असला, तरी पुरा नसतो.

जोनबद्दल अजून एक गोष्ट. नोंदवहीत जॉन शेक्सपिअरला जोन नावाची मुलगी दोनदा झालेली आहे, 1558 च्या सप्टेंबरात आणि 1569 च्या एप्रिलात. दुसरीला पहिलीचं नाव दिलं, याचा अर्थ पहिली तोवर वारली होती. तिच्या मृत्यूची नोंद मात्र नोंदवहीत नाही. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला ठेवायची रीत आपल्याकडच्या घरांतही होती, त्यामुळे आपल्याला हा तर्क पटकन पटतो. टोपीवाल्याची बायको दुसरी जोन.

एक जॉन की अनेक?

जोनचा बाप जॉन. त्याच्यापाशी आलं, की सरळ चाललेली वाट फुटते. त्याच्याबद्दल कागद कमी नाहीत. उलट भरपूर आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

सगळ्यात जुना कागद 29 एप्रिल 1552 चा. हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल तिघांना प्रत्येकी बारा पेनी दंड झाला : हम्फ्री रेनल्ड्स, एड्रियन क्वायनी आणि जॉन शेक्सपिअर. या नोंदीवर हसून पुढे जाणारे बरेच असतात. मी जात नाही. तिच्यातून तीन गोष्टी निघतात. 1552 मध्ये जॉन त्या गल्लीत राहत होता. तिथे त्याचं स्वतंत्र बिऱ्हाड होतं, म्हणजे तो वयात आलेला होता आणि कुणाचा शिकाऊ उमेदवार म्हणून राबत नव्हता. तिसरी गोष्ट म्हणजे त्याचा शेजार. त्याच्याबरोबर दंड भरणारा एड्रियन क्वायनी कापडाचा व्यापारी. एड्रियनचा मुलगा रिचर्ड यानं 1598 मध्ये जॉनच्या मुलाला कर्जाऊ पैशांसाठी पत्र लिहिलं आणि रिचर्डचा मुलगा थॉमस यानं 1616 मध्ये जॉनच्या नातीशी लग्न लावलं. एका उकिरड्यावर दंड भरलेली दोन घरं चौसष्ट वर्षांनी व्याही झाली. म्हणून शोध घेताना नुसता आपला माणूस बघू नये. साक्षीदार, जामीन, सहआरोपी, शेजारी यांचीही नावं उतरवून घ्यावीत.

आता धंद्याकडे वळू. 1556 च्या जूनमध्ये थॉमस सिश नावाच्या माणसानं आठ पौंडांसाठी जॉनवर दावा लावला. त्या लॅटिन कागदात मधेच एक इंग्रजी शब्द आहे, ग्लव्हर, म्हणजे हातमोजे करणारा. याच वर्षी ऑक्टोबरात त्यानं दोन घरं घेतली, एक हेन्ली स्ट्रीटवर आणि एक ग्रीनहिल स्ट्रीटवर. इथवर सगळं सुरळीत आहे.

मग येतो 10 फेब्रुवारी 1561 चा कागद. जवळच्याच स्निटरफील्ड गावातला रिचर्ड शेक्सपिअर मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या मालमत्तेची, 38 पौंड 17 शिलिंगांची, व्यवस्था पाहायला नेमलेला माणूस ‘स्निटरफील्डचा जॉन शेक्सपिअर, शेतकरी’. हा तोच जॉन? गावही वेगळं आणि धंदाही वेगळा. 1573 मध्ये हेन्री हिगफर्डनं 30 पौंडांच्या कर्जासाठी लावलेल्या दाव्यात स्ट्रॅटफर्डचा जॉन शेक्सपिअर ‘व्हिटॉवर’ होतो, म्हणजे पांढरं कातडं कमावणारा. 1597 मध्ये घरालगतची जमिनीची एक पट्टी विकताना तो ‘योमन’, म्हणजे जमीनजुमला बाळगणारा स्वतंत्र शेतकरी. 1601 च्या सप्टेंबरात पुरलं तेव्हा नोंदवहीत नुसतं ‘मिस्टर’. आणि 1580-90 च्या दशकांत त्याच गावात, त्याच नोंदवहीत, एक चांभार जॉन शेक्सपिअर आहे.

सात-आठ कागद आणि पाच धंदे. किती माणसं?

कातडं कमावणारा आणि मोजे शिवणारा यांचं कोडं सुटायला सोपं, पण धंदा कसा चालतो हे ठाऊक हवं. बुटाचं जाड कातडं ओकच्या सालीत महिनोन्‌महिने मुरवतात. मोज्याला लागतं मऊ, पांढरं कातडं : हरणाचं, शेळीचं, मेंढीचं, कोकराचं. ते तुरटी आणि मिठानं कमावतात. त्या काळात हातमोजे करणारा बहुधा आपलं कातडं आपणच कमावायचा. म्हणजे दोन शब्द एकाच घरातल्या दोन खोल्यांचे आहेत. मागच्या बाजूला कमावणं, पुढच्या बाजूला शिवणं आणि विकणं. सावकारानं 1573 मध्ये मागची खोली पाहिली, 1556 च्या सावकारानं पुढची. आपल्याकडे कातडं कमावणं आणि शिवणं ही दोन वेगळ्या जातींकडे वाटलेली कामं असल्यामुळे मराठी वाचक सहज इथे दोन माणसं मोजून बसेल.

जॉननं कागदांवर केलेली निशाणीही बघण्यासारखी आहे. तो नाव लिहीत नाही. कधी फुली करतो, कधी कंपास काढतो, म्हणजे कातडं मापायचं आणि कापायची रेघ ओढायचं मोजेवाल्याचं हत्यार. आपल्या वतनी कागदांत पाटलाच्या नावाशेजारी नांगर काढलेला असतो, तसंच. लेखकू काय लिहितो ते लेखकूचं, निशाणी मात्र माणसाची स्वतःची. नावापुढे काहीही लिहिलेलं असो, तो कंपास काढणारा हात मोजेवाल्याचाच.

स्निटरफील्डचा ‘शेतकरी’ जरा जास्त खोदावा लागतो. स्निटरफील्डच्या रिचर्डनं ज्याची जमीन कसायला घेतली होती, तो विल्मकोटचा रॉबर्ट आर्डन. आणि स्ट्रॅटफर्डच्या मोजेवाल्याची बायको मेरी ही याच आर्डनची मुलगी. कुळाच्या मुलानं जमीनमालकाच्या मुलीशी लग्न केलं. 1561 चा कागद स्ट्रॅटफर्डमध्ये लिहिलेला नाही, तो धर्मखात्याच्या वारसा कचेरीचा आहे. बापाच्या शेताची आणि गुरांची जबाबदारी घेणारा मुलगा तिथल्या कारकुनाला शेतकरीच दिसला, कारण त्याच्यापुढे जे पडलं होतं ते शेत होतं. माझ्या मते शेतकरी, मोजेवाला आणि कातडं कमावणारा हा एकच माणूस. ‘योमन’ हा शब्द तर जमिनीच्या खरेदीखताचा. जमीन विकणाऱ्याच्या नावापुढे ‘मोजेवाला’ लिहिण्यात खरेदीखत करणाऱ्याला काय स्वारस्य?

म्हणजे धंदा विचारणारा कोण, यावर उत्तर ठरतं. सावकार, वारसा कचेरी, जमीन घेणारा, प्रत्येकाला त्याच्या कामाचा जॉन हवा असतो. महाराष्ट्रात 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला लोक जुन्या नोंदवह्या आणि मोडी वाचकांकडे धावले. तेव्हा एकाच घरातल्या दोन भावांपुढे दोन वेगळे शब्द सापडल्याचा घोळ ज्यांनी भोगला, त्यांना हे नव्यानं सांगायला नको.

चांभार जॉन

चांभाराचं प्रकरण वेगळं आहे. इथेच सगळ्यांत मोठी चूक झाली आणि ती दीर्घकाळ टिकली.

1709 मध्ये निकोलस रो यानं नाटककाराचं पहिलं छापील चरित्र लिहिलं. स्ट्रॅटफर्डची माहिती त्याला टॉमस बेटरटन या नटानं आणून दिली होती. बेटरटननं गावात जाऊन चौकशी केली. रो लिहितो, की जॉन हा लोकरीचा मोठा व्यापारी आणि त्याला एकूण दहा मुलं. लोकरीचं पुढे बघू. दहा मुलं आली कुठून?

नोंदवहीत मोजेवाल्याची आठ मुलं आहेत : जोन, मार्गारेट, विल्यम, गिल्बर्ट, दुसरी जोन, ॲन, रिचर्ड आणि 1580 मध्ये एडमंड. मग काही वर्षं खंड. पुढे ‘जॉन शेक्सपिअर’च्या नावावर उर्सुला (मार्च 1589), हम्फ्री (1590) आणि फिलिप (1591). वहीतून नुसतं नाव शोधत जाणाऱ्याला हे सगळे एकाच बापाचे वाटणार.

पण बायको बघा. मोजेवाल्याची बायको मेरी 1608 पर्यंत जिवंत होती. नोंदवही सांगते, की 25 नोव्हेंबर 1584 ला जॉन शेक्सपिअर आणि मार्जरी रॉबर्ट्स यांचं लग्न झालं आणि 29 ऑक्टोबर 1587 ला ‘जॉन शेक्सपिअरची बायको मार्जरी’ पुरली गेली. मेरी हयात असताना मार्जरी त्याची बायको होऊ शकत नाही. म्हणजे दुसरा जॉन आहे. गावच्या कागदांत तो ‘शूमेकर’ म्हणून येतो. 1590 च्या दशकात तो स्ट्रॅटफर्डच्या कागदांतून नाहीसा होतो.

त्याहून नेमकी खूण नोंदवहीतच होती आणि कुणाच्या लक्षात येत नव्हती. 1568 मध्ये मोजेवाला जॉन गावचा बेलिफ झाला. आपल्याकडे कोर्टाची नोटीस घेऊन येतो तो बेलिफ. तिकडच्या बेलिफला आपला नगराध्यक्ष समजा. ही जागा भूषवलेल्या माणसाच्या नावामागे कायमचं ‘मिस्टर’ लागतं. 1571 मध्ये ॲनच्या नोंदीत बाप ‘मॅजिस्टर’, 1574 मध्ये रिचर्डचा बाप ‘मिस्टर’, 1580 मध्ये एडमंडचा बाप ‘मिस्टर’, 1601 मध्ये स्वतःच्या दफनाला ‘मिस्टर’. उर्सुला, हम्फ्री आणि फिलिपच्या बापामागे काहीच नाही. दोन अक्षरांच्या त्या मानानं दोन माणसं सुटी झाली. लेखकूला वंशावळीची पर्वा नव्हती, पण कुणाला मान द्यायचा हे त्यानं चुकवलं नाही. ज्याला आपण शोधत असतो, त्याच्याबद्दल लिहिणारा बहुतेकदा दुसरंच काहीतरी नोंदवत असतो. आपण त्या दुसऱ्याचा उपयोग करून घ्यायचा.

जी वही आपण वाचतो, ती मूळ नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. इंग्लंडात चर्चनं जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या ठेवायचा हुकूम 1538 चा. स्ट्रॅटफर्डची वही 1558 पासूनची आहे, पण सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या फर्मानानुसार 1600 च्या सुमारास जुन्या नोंदी चर्मपत्रावर पुन्हा उतरवून काढल्या. त्यामुळे पहिल्या बेचाळीस वर्षांच्या सगळ्या नोंदी एकाच हातच्या. नाटककाराच्या नोंदीशेजारच्या तीन फुल्या तर आणखी पुढच्या काळात कुणीतरी कौतुकानं केलेल्या. नक्कल करताना काय सुटलं आणि काय सुधारलं, हे आता कळायला मार्ग नाही.

नक्कल नसलेल्या कागदातही लेखकू चुकतो. नाटककाराच्या लग्नाचे दोन कागद आहेत, दोन्ही वुस्टरच्या बिशपच्या कचेरीतले, नोव्हेंबर 1582 च्या लागोपाठ दोन दिवसांचे. पहिल्यात नवरीचं नाव टेम्पल ग्राफ्टनची ॲन व्हेटली, दुसऱ्यात स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे. यावरून दोन प्रेयसींची गोष्ट रचणारे झाले. त्याच दिवशी कारकुनासमोर व्हेटली नावाच्या एका पाद्र्याचा खटला होता. त्याच्या लेखणीत ते आडनाव अडकलं, एवढंच. मी दहा वेळा विचारलं तर दहाही वेळा प्रेयसीपेक्षा कारकुनाच्याच बाजूनं मत देईन.

दुसऱ्या कागदात नवरदेवाचं आडनाव ‘शॅगस्पिअर’ आहे. आडनाव किती तऱ्हांनी लिहिलंय याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. ज्या काळात लोक आपलं नाव लिहीत नव्हते, सांगत होते, त्या काळात कारकून ऐकेल ते नाव. शोधताना डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधावं.

तारखांचा सापळाही आहे. इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष 25 मार्चला लागे. उर्सुलाचा मार्च वहीत 1588 च्या खाली असतो, आपल्या हिशेबानं तो 1589. शके चैत्रात, फसली आणि सुहूर ही जुनी सनं मृगात, अशा घोळात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटू नये.

लोकर

रोच्या दहा मुलांत चूक होती. लोकरीचं काय? दोनशे वर्षांहून जास्त काळ या वाक्याला आधार फार कमी होता. स्ट्रॅटफर्डच्या स्थानिक कागदांत जॉन लोकरीचा व्यापारी म्हणून ठळक कुठेच नाही. 1599 मध्ये त्यानं मार्लबरोच्या एका कापडवाल्यावर 21 टॉड (लोकर तोलायचं माप) लोकरीच्या जुन्या येण्यासाठी दावा लावला होता, पण एका व्यवहारावरून काही सिद्ध होत नाही.

उत्तर स्ट्रॅटफर्डमध्ये नव्हतंच. ते लंडनला, वेस्टमिन्स्टरच्या सरकारी खजिन्याच्या खटल्यांत निघालं आणि छापून आलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1570 मध्ये जॉनवर बेकायदा व्याजानं पैसे दिल्याचे दोन आरोप आहेत, 80 आणि 100 पौंडांचे, दोन्हींवर वीस-वीस पौंड व्याज. एका प्रकरणात त्याला 40 शिलिंग दंड झाला. पुढच्या एक-दोन वर्षांत लोकर बेकायदा घेतल्याचे दोन आरोप, 200 टॉड आणि 100 टॉड. टॉड म्हणजे 28 पौंड वजन, म्हणजे आजच्या मापात सगळी मिळून साडेतीन टनांहून जास्त लोकर. लोकरीचा घाऊक व्यापार तेव्हा परवानाधारकांपुरता होता. मोजेवाल्याला मेंढीचं कातडं लागतं, कातड्यावर लोकर असते आणि ती लोकर विकायला घरातच खोली होती. पुढच्या पायरीवर जाणं अवघड नव्हतं.

हे आरोप धंदेवाईक खबऱ्यांनी लावले होते. खबऱ्याला दंडातला वाटा मिळे. मला हे फार बोलकं वाटतं. गावात जॉन नगराध्यक्ष होता, त्याच्या आजूबाजूचे आल्डरमन, म्हणजे नगरसभेचे ज्येष्ठ सदस्य, त्याच्यासारखेच व्यापारी. त्याच्या लोकरीवर गावात कोण तक्रार करणार? स्थानिक दप्तर गप्प असतं, याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही. कधीकधी त्याचा अर्थ असा, की लिहिणारे आणि करणारे एकाच टेबलावर बसले होते.

याच उजेडात जॉनच्या पडत्या काळाकडे बघायला हवं. 1577 पासून तो नगरसभेच्या बैठकांना यायचा जवळजवळ बंदच झाला. 1578 मध्ये सैनिकांसाठी आल्डरमननी द्यायच्या वर्गणीत त्याला सूट मिळाली, गरिबांसाठीच्या आठवड्याच्या पैशातूनही. त्याच वर्षी बायकोच्या माहेरची विल्मकोटची जमीन 40 पौंडांना गहाण पडली. 1586 मध्ये बोलावूनही येत नाही म्हणून आल्डरमनपद गेलं. 1592 मध्ये चर्चला न येणाऱ्यांच्या यादीत तो नऊ जणांत आहे. शेरा असा, की कर्जासाठी पकडतील या भीतीनं येत नाहीत. हा माणूस छुपा कॅथलिक होता म्हणून चर्चला जात नव्हता, असं एक मत जोरात मांडलं जातं. मला ते ओढून ताणून वाटतं. 1576 च्या शेवटी सरकारनं लोकरीच्या दलालांवर चाप लावला आणि पुढच्याच वर्षापासून जॉन सभेतून गायब. धर्म शोधण्याआधी हिशेबाची वही बघावी.

1580 चा आणखी एक कागद आहे. लंडनच्या कोर्टात हजर न राहिल्याबद्दल जॉनला 40 पौंड दंड झाला. त्यांतले वीस स्वतःचे आणि वीस नॉटिंगहॅमच्या एका टोपीवाल्यासाठी जामीन राहिल्याचे. टोपीवाला! पुढे मुलगीही टोपीवाल्यालाच दिली. दोन टोकं जुळवून टाकावीत असा मोह होतो. पण नॉटिंगहॅमचा तो माणूस आणि विल्यम हार्ट यांच्यात एकही कागद नाही. मी वहीत दोन्ही नावं लिहिली आणि मधे रेघ ओढली नाही.

स्निटरफील्ड

जॉनच्या मागे रिचर्ड. तो स्निटरफील्डच्या जमीनदारी कोर्टाच्या कागदांत 1529 पासून दिसतो. दंड भरतानाच दिसतो. कोर्टाला आला नाही, कुंपण नीट ठेवलं नाही, डुकरं मोकाट सोडली. शेवटच्या काही नोंदी मरणाच्या आदल्या वर्षीच्या आहेत. तीस वर्षांच्या संसारात या शेतकऱ्याबद्दल सरकारदरबारी जे साठलं, ते बहुतेक त्याच्या डुकरांचं आणि कुंपणाचं.

1529 च्या मागे काय? जवळच्याच रॉक्सल गावी, तिथल्या मठाच्या जमिनींचा कारभारी एक रिचर्ड शेक्सपिअर आहे, 1534 च्या आसपासचा. त्याच्याआधीही त्या भागात शेक्सपिअर आहेत, रॉक्सलला, राउइंग्टनला. 1596 मध्ये जॉनला घराण्याचं चिन्ह मिळालं तेव्हा अर्जात लिहिलं होतं, की त्याच्या पूर्वजांनी सातव्या हेन्री राजाची चाकरी केली. अशा चाकरीचा एकही कागद सापडलेला नाही. ज्याला सरदारी चिन्ह हवं असतं, तो आजोबांना सैन्यात भरती करतोच. रॉक्सलच्या कारभाऱ्याला स्निटरफील्डच्या शेतकऱ्याचा नातलग ठरवून आणखी दोन-तीन पिढ्या वर चढवणारे वंशवृक्ष छापलेले आहेत. नाव तेच, प्रदेश तोच, काळ तोच. चांभार जॉनच्या वेळीही नेमक्या याच तीन गोष्टी जुळत होत्या. माझ्या तक्त्यात रिचर्डच्या वरची चौकट रिकामी आहे, मृत्युपत्रातल्या त्या भाच्याच्या नावासारखी.